घंगाळाचे पान कोठे ठेवावे?

माझ्या माहेरचे दुकान नाशिकच्या भांडी बाजारात आहे. गोदावरीला पूर आला की सराफ बाजार आणि भांडी बाजार या दोन्ही ठिकाणी पाणी शिरते, हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली एवढे कळले की दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवू लागतात. २०१६ च्या ऑगस्टमधील पुरात आमचा माल वाचला, पण गल्ल्याखालच्या खणात ठेवलेली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक वही भिजली. भांड्यांची नावे, मापे, वजने, कोणत्या गावाकडचे गिऱ्हाईक कोणत्या भांड्याला काय म्हणते आणि ते कशासाठी नेते, असे सारे त्यांनी त्या वहीत जवळजवळ चाळीस वर्षे टिपून ठेवले होते. पाने वाळवून, वर सुती कापड घालून हलकी इस्त्री फिरवून जेवढे वाचता आले तेवढे मी उतरवून घेतले आणि हा मजकूर स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचा, असे तेव्हाच ठरवले. संकेतस्थळ प्रत्यक्षात उभे राहायला सहा वर्षे लागली. त्यांतील चार माझ्या आळसाची होती. उरलेल्या दोन वर्षांत काय केले ते येथे लिहीत आहे.

याआधी २००९ मध्ये आम्ही दुकानाचे एक संकेतस्थळ करून घेतले होते. मुखपृष्ठावर उजवीकडून डावीकडे सरकणारी स्वागताची पट्टी होती, स्वतःभोवती फिरणारी समई होती आणि तळाशी आपण कितवे पाहुणे आहात हे सांगणारा आकडा होता. ‘ताज्या घडामोडी’ या रकान्यात त्या दिवाळीतील सवलतीची एकच घडामोड चार वर्षे ताजी राहिली. मजकूर छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टंकलेला असल्यामुळे ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसे, त्याला मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. ज्या गृहस्थांना काम दिले होते त्यांनी संकेतस्थळाचे नाव स्वतःच्याच नावावर नोंदवले होते. पुढे त्यांनी व्यवसाय बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्या बंद पडलेल्या इमेलवर जात राहिल्या आणि २०१३ मध्ये ते नाव आमच्या हातून सुटले. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्यातील काही पाने नंतर सापडली खरी, परंतु तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना जोडाक्षरे एवढी तुटली, की नव्याने टंकणेच सोपे गेले.

दोष एकट्या त्या गृहस्थांचा नव्हता. संकेतस्थळ कसे दिसेल एवढेच आम्ही त्यांना विचारले होते; ते कोण सांभाळील, हे आम्ही स्वतःलाही विचारले नव्हते. लग्नात रुखवत मांडतात तशी ती मांडणी होती, एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी. म्हणून या वेळी मी एकच कसोटी ठरवली: माझा उत्साह संपल्यानंतर, मी दोन वर्षे काहीही केले नाही, तरीही जे पान खोटे किंवा शिळे वाटणार नाही तेवढेच ठेवायचे. ही कसोटी लावताच ताज्या घडामोडी गेल्या, पाहुण्यांचा आकडा गेला आणि भांड्यांचे भावही गेले. भावांवरून भावाशी थोडी कुरबुर झाली. त्याच्या मते भाव नसलेले दुकानाचे संकेतस्थळ म्हणजे वजनकाटा नसलेला गल्ला. पण तांब्या-पितळेचे दर सतत बदलतात, आणि ते रोज बदलून लिहायला त्याच्याकडे वेळ नाही व मला हौस नाही. शेवटी तळाशी दुकानाचा पत्ता आणि वेळ एवढे ठेवून आम्ही तह केला.

माझी भाची पुण्याला संगणकक्षेत्रात नोकरी करते. तिला फोन करून मी उत्साहाने रंगांविषयी बोलू लागले, तेव्हा ती म्हणाली, “आत्या, रंग राहू दे. तुझ्या साइटवर माणूस काय विचारायला येणार आहे, ते आधी कागदावर लिही.” मला जरा राग आला, पण पुढचे तीन महिने मी दुपारी दुकानात बसून हेच केले. लोक जे विचारत ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. “आजीच्या माळ्यावर हे सापडले, याला काय म्हणतात?” “कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात कढी केली तर चालेल का?” “पायली म्हणजे नेमके किती?” “कांसे आणि पितळ यांत फरक काय?” आमच्या दुकानाची परंपरा किती जुनी, हे तीन महिन्यांत एकानेही विचारले नाही. मी मात्र परंपरेवर दीड हजार शब्द आधीच लिहून ठेवले होते. ते आता फाइलमध्येच आहेत.

खरा पेच पुढे आला, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त आनंद त्यातूनच मिळाला. वहीतून ११२ भांडी निघाली. त्यांची विभागणी कशी करावी? मी दुकानदाराची मुलगी, त्यामुळे माझ्या डोक्यात उत्तर तयार होते: तांबे, पितळ, कांसे, लोखंड. दुकानात माल असाच लावतात, कारण तो धातूच्या वजनावर विकला जातो. तरीही भाचीच्या सांगण्यावरून जुन्या लग्नपत्रिका कापून मी ११२ कार्डे केली, प्रत्येकावर एका भांड्याचे नाव लिहिले आणि ती निरनिराळ्या माणसांपुढे ठेवून एवढेच सांगितले की तुम्हाला पटतील तसे गठ्ठे करा. वहिनीने धातूकडे पाहिलेही नाही. तिने देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि माजघर असे चार गठ्ठे केले व पाचवा ‘लग्नकार्याची’ म्हणून वेगळा काढला. तांबट लेनमधील एका जुन्या कारागिराने दोनच गठ्ठे केले, ठोकीव आणि ओतीव. त्यांच्या दृष्टीने समई आणि घंटा एका घरातल्या व कळशी आणि परात दुसऱ्या. शेजारच्या महाविद्यालयीन मुलीला निम्मी नावेच ठाऊक नव्हती. ती कार्डे हातात धरून विचारत राहिली, “काकू, हे दिसते कसे?” तिचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी पडला, कारण ज्याला नाव माहीत नाही त्याला नावांची यादी देऊन काय उपयोग? त्याला चित्रे दिसली पाहिजेत.

मग घंगाळ, म्हणजे अंघोळीच्या पाण्याचे रुंद तोंडाचे भांडे, कोठे ठेवायचे? ते तांब्याचेही असते आणि पितळेचेही, ते ठोकून घडवतात, ते न्हाणीघरात असते; पण आमच्याकडे मोठ्या कार्यात पाणी भरून ठेवायलाही तेच निघते. तांब्याचा प्रश्न त्याहून बिकट, कारण तांब्या देवघरातही लागतो, जेवणाच्या पानाशीही लागतो आणि न्हाणीघरातही. एकच भांडे तीन विभागांत तीनदा लिहिले असते, तर एखादी चूक दुरुस्त करताना दोन ठिकाणी ती हमखास राहून गेली असती. बँकेत खातेवहीवर बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे समजवावे लागत नाही: खाते एकच असावे, त्याकडे नेणाऱ्या नोंदी कितीही असोत. त्याप्रमाणे प्रत्येक भांड्याला एकच पान दिले, त्या पानाला धातू, जागा आणि घडण अशा तिन्ही खुणा जोडल्या आणि मुखपृष्ठावरून आत जायला वहिनीची विभागणी व चित्रांची पाटी, एवढ्या दोनच वाटा ठेवल्या. धातूची विभागणी आहे, पण ती एक पायरी आत.

मांडणीचे कच्चे आराखडे मी पैसे भरायच्या जुन्या स्लिपांच्या कोऱ्या पाठीवर काढले. निवृत्त होताना टाकाऊ स्लिपांचा एक गठ्ठा घरी आला होता, आणि योगायोगाने ती स्लिप मोबाइलच्या पडद्याएवढीच असते. कागद लहान असला की माणूस आपोआप शहाणा होतो. तीन रकाने, बाजूची पट्टी, आपोआप सरकणारी चित्रे यांना त्यावर जागाच उरत नाही. वरून खाली एकाखाली एक काय येईल एवढेच ठरवावे लागते. आधी चित्र, मग नाव, मग इतर नावे, मग उपयोग, मग माप व वजन, आणि शेवटी निगा. मोठ्या पडद्यावर तेच पान पसरून बसते. पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या या पद्धतीला इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले. त्याच्या वर्षभर आधी झालेले आमचे पहिले संकेतस्थळ मोबाइलवर टपाल तिकिटाएवढे दिसे, यात नवल नव्हते.

आता अक्षरांविषयी, कारण मराठी संकेतस्थळांची सर्वाधिक हेळसांड येथेच होते. इंग्रजीसाठी ठरलेली मापे देवनागरीला तशीच लावली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. मी अक्षर १९ पिक्सेलचे आणि ओळींतील अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवले, तेव्हा कोठे पानाला श्वास मिळाला. इंग्रजी शीर्षकांत शोभा म्हणून अक्षरे विलग करतात. मराठीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसते. फॉन्ट पारखण्यासाठी मी एक वाक्यच तयार केले होते: ‘कऱ्हाडच्या गिऱ्हाइकाने ॲल्युमिनियमचा डबा परत करून शुद्ध तांब्याचे घंगाळ नेले.’ यातील ऱ्हा, ॲ आणि द्ध ज्या फॉन्टात नीट उमटत नाहीत तो बाद. मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता घेतला, तो मुक्त परवान्याचा आहे. शीर्षकांसाठी टिरो देवनागरी मराठी घेतला. त्यात शाळेत शिकलेला पाकळीयुक्त ल आणि गाठयुक्त श मिळतो. पानाची भाषा मराठी आहे हे आतल्या सांकेतिक भाषेत एका शब्दात सांगावे लागते. ते सांगितले तर काही फॉन्ट आपणहून मराठी वळणाची अक्षरे देतात आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही मराठी उच्चार निवडता येतात. हे न सांगितलेली मराठी संकेतस्थळे मी खूप पाहिली आहेत.

अक्षरांचा आणखी एक घोटाळा अकारविल्हे यादी करताना उघड झाला. संगणकाने लावलेल्या यादीत ‘ॲल्युमिनियमचा डबा’ सर्वांत शेवटी, ‘हंडा’च्याही खाली, जाऊन बसला. कारण शोधले तेव्हा कळले, की युनिकोडमध्ये ॲ या अक्षराचा क्रमांक ह नंतर येतो आणि संगणकाला सांगितले नाही तर तो वर्णमाला न पाहता केवळ क्रमांक पाहतो. शिवाय ॲ दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि शोधल्यावर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. क्रम मराठी पद्धतीने लावण्याची सोय ब्राउझरमध्येच असते, ती भाचीने जोडून दिली. टंकण्याची एकच तऱ्हा पाळण्याचे पथ्य मी पाळते.

रंगाच्या बाबतीत मी हट्ट केला आणि हरले. तांब्याच्या भांड्यांचे संकेतस्थळ, तेव्हा अक्षरे तांब्याच्या रंगाची हवीत असे माझे मत होते. भाचीने एका साधनावर आकडा काढून दाखवला. साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा, असा वेबच्या सुलभतेचा सर्वमान्य निकष आहे. नेहमीच्या तांबूस छटेला शुभ्र पांढऱ्यावर ३.८ मिळाले, आणि मला हव्या असलेल्या सायीच्या रंगावर त्याहूनही कमी. तरीही मी ऐकले नसते. पण त्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या आईला ते पान दाखवले, तर ती म्हणाली, “चित्र छान आहे, लिहायचे राहिले का?” आता अक्षरे गडद तपकिरी आहेत आणि तांब्याचा रंग फक्त शीर्षकाखालच्या जाड रेघेपुरता उरला आहे.

छायाचित्रांना वेळ लागला. घासलेले पितळ म्हणजे आरसाच, त्यात छायाचित्र काढणाऱ्याचे नाकच मोठे दिसते. शेवटी श्रावणातील ढगाळ दुपारी, ओसरीवर, तिन्ही बाजूंनी पांढऱ्या चादरी टांगून चित्रे काढली. आकार कळावा म्हणून प्रत्येक चित्रात एकच फुलपात्र शेजारी ठेवले. बंबाशेजारी ते खेळण्यासारखे दिसते आणि पळीशेजारी भारदस्त. मोबाइलमधून आलेले चित्र चार एमबीचे असे. पेठ-सुरगाण्याकडे नेटवर्क मिळेल तेथे उभे राहून पाहणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे ओझे बांधणे मला पटेना, म्हणून रुंदी १२०० पिक्सेल करून प्रत्येक चित्र दीडशे केबीच्या आत आणले. चित्राला जोडायचे वर्णनही लिहिले. ‘तांब्याचे घंगाळ’ एवढ्याने काम भागत नाही. ‘रुंद तोंडाचे, दोन बाजूंना कड्या असलेले तांब्याचे घंगाळ, शेजारी मापासाठी फुलपात्र’ असे लिहिले, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही भांडे कळते.

नावांच्या बाबतीत गिऱ्हाइकांच्या बोलीने धडा दिला. ‘बंब’ एवढेच शीर्षक दिले तर शोधणाऱ्याला आग विझवणाऱ्या गाड्या सापडतात. म्हणून ते पान ‘पाणी तापवायचा तांब्याचा बंब’ झाले. लोक ‘सतेलं’ लिहितात आणि ‘सतेले’ही लिहितात, म्हणून दोन्ही रूपे मजकुरात सहज येतील अशी वाक्ये केली. पायलीच्या पानावर दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असा तक्ता आहे, आणि सर्वांत जास्त वाचले जाते ते हेच पान. पानांचे पत्ते मराठीत हवेत अशी माझी इच्छा होती. पण ‘घंगाळ’ या शब्दात पाच चिन्हे आहेत, युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्ता चिकटवताना प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात; म्हणजे पाच चिन्हांची पंचेचाळीस. व्हॉट्सॲपवर असा पत्ता आला की लोकांना तो फसवणुकीचा वाटतो. पत्ते रोमनमध्ये ठेवले. संकेतस्थळाच्या नावाचेही तेच झाले. देवनागरीतील .भारत हे नाव २०१४ पासून मिळते, मी ते घेतलेही, पण पाटीवर साधे .इन असलेले छापले आणि मराठी नावावरून माणूस तेथेच पोहोचेल अशी व्यवस्था केली. .इन निवडताना, फोनवर सांगितले तर एकदाच सांगावे लागेल, एवढीच अट ठेवली. ‘भांडी’ रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे तो शब्द नावात घेतला नाही.

राहिला प्रश्न हे सारे कशात बांधायचे याचा. महिन्याला पैसे भरून तयार साच्यात संकेतस्थळ करून देणाऱ्या सेवा मी पाहिल्या. बांधायला सोप्या, पण आपला मजकूर तेथून बाहेर काढायचा म्हटले की दरवाजा अरुंद. वर्डप्रेस चांगले आहे, आणि मी दर आठवड्याला नवे लिहिणार असते तर तेच निवडले असते. पण त्याला वेळोवेळी अद्ययावत ठेवावे लागते, आणि माझी कसोटी तर उत्साह संपल्यानंतरची होती. सर्न या युरोपातील संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी केलेले जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ चे. २०१३ मध्ये सर्नने त्याची पाने मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली, आणि ती आज माझ्या मोबाइलवर जशीच्या तशी उघडतात, कारण त्यांत साधा मजकूर आणि दुवे यांखेरीज काही नाही. आमचीही ११२ पाने तशीच साध्या एचटीएमएलच्या ११२ फाइली आहेत. मागे विदासंच (डेटाबेस) नाही, पासवर्ड टाकून उघडायचे कार्यालय नाही. सगळा संसार एका पेन ड्राइव्हमध्ये मावतो आणि इंटरनेट नसतानाही उघडतो. दुरुस्ती करायची तर फाइल उघडते, शब्द बदलते आणि परत चढवते. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र संकेतस्थळाला जागा देणारी कंपनी विनामूल्य देते व आपणहून बदलते, त्यामुळे तेथे मला काही करावे लागत नाही.

नाव या वेळी भावाच्या आणि माझ्या संयुक्त इमेलवर, पाच वर्षांसाठी नोंदवले. दुकानात लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते. गेल्या दोन दिवाळ्यांपासून त्या वहीच्या पहिल्या पानावर, श्री आणि स्वस्तिकाखाली, भाऊ मला एक ओळ लिहायला जागा सोडतो: संकेतस्थळाचे नाव, ते कोठे नोंदवले आहे आणि मुदत केव्हा संपते. वही आता वरच्या फळीवर ठेवतात.